ताट दाखवता, चूल कधी दाखवणार?

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरतं. त्यात काय मंजूर झालं हे कुणाला आठवो न आठवो, ‘सावजी खाल्लं का?’ हा प्रश्न, म्हणजे नागपूरच्या त्या झणझणीत रश्शाच्या जेवणाचा, मात्र हमखास चर्चेला येतो. मुंबई-पुण्याची मंडळी एखाद्या भोजनालयात जाऊन येतात, घाम पुसतानाचा व्हिडिओ टाकतात आणि तट पडतात. एक तट म्हणतो, हे जेवण नव्हे, तेलात बुडवलेलं तिखट. दुसरा म्हणतो, झेपत नसेल तर वरण-भात खा, आमच्या संस्कृतीला नावं ठेवू नका. अलीकडे त्यात खाद्यपर्यटनवाल्यांचा सूर मिसळला आहे: बाहेरच्यांसाठी तिखट कमी करा, ताट सजवा, गर्दी येईल. आणि लगेच त्याला उत्तर: तसं केलंत तर अस्सल चव जाईल. चौघेही भांडतात ते ताटावरून. माझं म्हणणं असं की परक्या मुलखाच्या जेवणातून तिथली माणसं थोडीफार कळू शकतात, पण त्यासाठी चुलीपर्यंत जावं लागतं. जे खाद्यपर्यटन चुलीपर्यंत नेत नाही ते पर्यटन असेल, धंदा असेल, मजाही असेल. संस्कृतीचा अनुभव असं त्याला म्हणू नये.

आधी तिखटाचंच घेऊ, कारण सगळ्या वादाचं घोडं तिथेच अडतं. सावजी रश्शाचा काळपट रंग मुख्यतः मिरचीचा नसतो, भाजण्याचा असतो. सुकं खोबरं गडद तपकिरी होईपर्यंत भाजतात, कांदाही तसाच. मग धणे, जिरं, शहाजिरं, लवंग, मिरे, दालचिनी, मसाला वेलची, दगडफूल, बादियान, जायपत्री, हे सगळं एकेक करून वेगळं. वेगळं का? धणे भाजायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात जिरं करपतं, आणि दगडफूल गरम कढईला नुसतं टेकवलं तरी पुरे होतं. एकत्र भाजलं की अर्धा मसाला कच्चा, अर्धा जळका. खसखस भाजून, भिजवून मगच वाटायची. कोरडी ढकलली तर दाताखाली येते आणि रश्शाला धरून ठेवत नाही. हाडासकट किलोभर मटणाला साधारण अर्धी वाटी किसलेलं खोबरं, दोन चमचे खसखस आणि वाटीभर तेल लागतं. काही घरांत वर चमचाभर भाजलेल्या ज्वारीचं पीठ, रश्शाला अंग यावं म्हणून. वाटण मंद आचेवर परतायचं, तळाला लागू लागलं की पाण्याचा हबका मारायचा, पुन्हा परतायचं. वाटणातलं पाणी उडेपर्यंत तेल सुटत नाही, आणि तेल सुटायच्या आत मटण टाकलं तर रस्सा कितीही शिजवा, कच्चा वास जात नाही. तिखट शेवटाकडे आणि तेही पाण्यात कालवून, कारण कडकडीत तेलात कोरडं तिखट पडलं की काही सेकंदांत काळं पडून कडवट होतं. नंतर ओतायचं पाणी उकळतंच हवं. गार ओतलं की तर्री, म्हणजे रश्शावरचं लाल तेल, बसते आणि लवकर वर येत नाही.

आता मिरचीचा रंग आणि तिचा जाळ, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणजे वाटीत वर तरंगणारी तर्री हा तिखटाचा अर्क. नागपूरचा माणूस ती भाकरीत मुरवतो, लिंबू पिळतो, मध्ये कच्चा कांदा चावतो, शेवटी भातात कालवतो. व्हिडिओवाला पाहुणा चमच्याने तर्रीच ओढतो, वर गार पाणी पितो, ज्याने जाळ शमत नाही, तोंडभर फिरतो, आणि मग ‘विदर्भातली माणसं कशी रांगडी’ यावर बोलतो. यात त्याने विदर्भाचं काय अनुभवलं? हेच तर्री-पोह्यांचं. कस्तुरचंद पार्कजवळच्या गाडीवर उभं राहून ‘पोह्यांवर रस्सा ओततात!’ एवढंच आश्चर्य पुरत असेल तर ते घरबसल्याही करता येतं. पोहे जाडच का हवेत, ते भिजवायचे नाहीत, चाळणीत धुऊन पाच-सात मिनिटं निथळत ठेवायचे, नाहीतर चण्याची तर्री पडताच त्यांचा लगदा होतो, हे कळलं तर निदान पदार्थ कळला असं म्हणता येईल.

आणि चुलीजवळ उभं राहिलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. एवढं भाजणं-वाटणं करणारे हे लोक कोण? सावजी जेवण हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातलं. नागपुरी लुगड्यांचे हातमाग त्यांच्या घरात होते. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली नागपुरात सुरू झाली, आणि गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडत गेले. ती गिरणीही पुढे बंद पडली आणि आज तिच्या जागेवर मॉल आहे. हातमागाचं उत्पन्न आटत गेलं तशी घरातली चूल कमावती झाली, पुढच्या खोलीत बाकं टाकून भोजनालयं निघाली. हलबा-कोष्टी हे अनुसूचित जमातींच्या यादीतल्या ‘हलबा’मध्ये येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. त्या निकालावरून दाखले, नोकऱ्या आणि आंदोलनं यांचा केवढा गुंता झाला हे इथल्या कुणालाही विचारा. ज्यांच्या रश्शाला आपण शहराची ओळख म्हणून मिरवतो, त्यांच्या स्वतःच्या ओळखीचा दावा कोर्टकचेऱ्यांत अडकलेला होता, ही गोष्ट किती खाद्ययात्रांच्या व्हिडिओत येते? नागपूरच्या पाचपावलीतल्या एखाद्या घरात दुपारी मसाला भाजायला बसलेल्या बाईशी तासभर बोललं तर ही गोष्ट न विचारता निघते.

यावर एक आक्षेप भक्कम आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. जेवणाने माणसं जवळ येतात हा गोड समज इतिहासात टिकत नाही. पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांनी १८१० साली लंडनमध्ये हिंदी पद्धतीच्या जेवणाचं हॉटेल काढलं. दोनच वर्षांत त्यांचं दिवाळं वाजलं, पण करी मात्र इंग्लंडात रुळली आणि ती खाणाऱ्या इंग्रजांनी हिंदुस्थानावर आणखी शतकाहून जास्त राज्य केलं. करीच्या चवीने कुणाचं मतपरिवर्तन झाल्याची नोंद नाही. आपल्याकडेही ज्यांच्या हातचं चोरून आवडीने खाल्लं त्यांना ओसरीवर बसवणारी घरं होतीच. मग चूल पाहून तरी काय होणार? हमी कसलीच नाही. पण इंग्लंडात ती करी घराघरांत पोहोचली कशी, तेही पाहायला हवं. डब्यातल्या तयार करी पुडीतून. ज्या क्षणी चव पुडीत भरली गेली त्या क्षणी ती रांधणाऱ्याची गरज संपली. करणाऱ्याला वगळून चव उचलली की काय होतं, याचंच ते उदाहरण आहे. आज सावजी मसाल्याची पाकिटं मिळतात. सोयीची आहेत, वापरावीत. पण पाकीट घरी नेलं म्हणजे नागपूर नेलं असं समजू नये.

दुसरी बाजू अस्सलपणावाल्यांची. त्यांचं म्हणणं असं की पर्यटकांच्या सोयीने मूळ कृती बदलल्या की सगळंच हातचं जातं. यातही तथ्य आहे. तिखट कमी करून गोडसर ग्रेव्ही वाढणारी ‘सावजी’ हॉटेलं शहरात आहेत आणि ती कशी आहेत हे सांगायची गरज नाही. पण मूळ म्हणजे कधीचं मूळ? मिरचीच मुळी अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. ज्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं तिचे पूर्वजही जहाजातूनच उतरलेले. त्याआधी तिखटपणा मिऱ्यांचा आणि पिंपळीचा. आणि तेल? जुन्या सावजी स्वयंपाकात जवसाचं तेल असायचं, आज बहुतेक ठिकाणी सोयाबीनचं किंवा शेंगदाण्याचं असतं. बदल पर्यटकांनी केला नाही, तेलाच्या स्वभावाने केला. जवसाचं तेल हवेशी फार लवकर अभिक्रिया करतं. लाकडाला आणि तैलरंगांना तेच वापरतात, कारण ते सुकून त्याचा पापुद्रा धरतो. घाण्यावरून आठवड्याचं आणून संपवणाऱ्या घराला ते परवडतं. महिन्याचा साठा करणाऱ्या भोजनालयात ते खवट होतं, आणि न तापवता वापरलं तर त्याचा उग्र वास रश्शात उतरतो. म्हणजे ‘मूळ चव’ टिकवायची तर आधी जवळचा घाणा टिकवावा लागेल. ताटाकडे बघून हे सुचत नाही.

इटलीतल्या बोलोन्याने अस्सलपणाचा सोक्षमोक्ष लावायचा प्रयत्न करून पाहिला. १९७२ साली तिथल्या वाणिज्य मंडळात तालियातेल्ले या पास्त्याची सोन्याची पट्टी ठेवली गेली: शिजल्यावर रुंदी ८ मिलिमीटर. १९८२ साली त्यावरच्या मांसाच्या (गोमांसाच्या आणि डुकराच्या) रश्शाची, म्हणजे रागूची कृती अधिकृत म्हणून नोंदवली. २०२३ साली तीच कृती सुधारून परत नोंदवावी लागली. सोन्याची पट्टी गंमत म्हणून ठीक आहे, पण बोलोन्यात शिकण्यासारखं आहे ते पट्टीत नाही. ते आहे १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं घेऊन लांब लाटण्याने पीठ इतकं पातळ लाटणाऱ्या बायकांच्या मनगटात. पीठ कोरडं पडू न देता कसं लाटायचं, हे आठ मिलिमीटर मोजून येत नाही.

याच मुद्द्यावर युनेस्कोची यादी बघा. २०१७ साली त्यांनी पिझ्झा नोंदवला नाही, नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला नोंदवली. २०१३ साली दक्षिण कोरियाची नोंद झाली ती किमजांगची, म्हणजे थंडीआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जमून वर्षाची किमची घालण्याच्या रीतीची. २०२२ साली फ्रान्सच्या बगेत पावाची नोंद झाली ती पाव बनवण्याच्या कारागिरीची. आता आपल्याकडचं उन्हाळ्यातलं वाळवण आठवा. वैदर्भीय घरांत सरगुंडे करतात: घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक वळी काडीभोवती गुंडाळायची, हलकेच सरकवून काढायची, उन्हात वाळवायची, आणि पुढे वाफवून आमरसाबरोबर खायची. काडी कोरडी असेल तर वळी चिकटते आणि काढताना चपटी होते. वळी जाड राहिली तर बाहेरून वाळते, आतून ओली राहते आणि डब्यात बुरशी धरते. दक्षिण इटलीत लोखंडी सळीभोवती कणीक गुंडाळून जवळपास हेच करतात आणि ते शिकायला लोक पैसे मोजून जातात. आपल्याकडे अंगणात पाच-सहा बायका बसून हे करत असतात तेव्हा पाहुण्याला काय सांगतात? ‘पसारा आहे, आत बसा.’

मग स्वयंपाक शिकवणारे वर्ग काढले की झालं? इथे तिसरा आक्षेप येतो: असे वर्गही नाटकच असतात. खरं आहे. थायलंडमधल्या चियांग माईत अर्ध्या दिवसाचे स्वयंपाकवर्ग गल्लोगल्ली आहेत. बाजारात चक्कर, गवती चहाचे दांडे हातात धरून फोटो, एप्रन, चार पदार्थ, प्रमाणपत्र. पण त्यातही दोन प्रकारचे वर्ग असतात आणि फरक एका गोष्टीत कळतो. थाई करीत नारळाचं दाट दूध आधी कढईत तेल सुटेपर्यंत आटवायचं असतं आणि त्या तेलात खलात कुटलेलं वाटण परतायचं असतं. गवती चहा, गलांगल, मकरूट लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं, कोळंबीची खारवलेली पेस्ट असं ते वाटण. खोक्यातल्या पुष्कळशा नारळ-दुधात तेल आणि पाणी वेगळं होऊ नये म्हणून पदार्थ मिसळलेले असतात, त्यामुळे ते कितीही आटवा, फुटत नाही. घाईचा वर्ग खोकं फोडतो, तयार वाटण देतो, आणि विद्यार्थी आयुष्यभर समजतात की थाई करी म्हणजे पातळ दुधाळ रस्सा. दुसरा वर्ग ताजा नारळ खवून, पिळून, पहिलं दूध वेगळं काढायला लावतो. त्यात सकाळ जाते, दोनच पदार्थ होतात. पण तिथे उभा असलेला नागपूरकर ते तेल वर येताना पाहून म्हणेल, अरे, ही तर तर्री! ही ओळख जेवणाच्या टेबलावर होण्याची शक्यता फार कमी.

सावजीच्या नादात नागपूरच्या बाकी चुली विसरल्या जातात ही माझी वेगळी तक्रार. गोळाभात घ्या. तो जळत नाही, व्हिडिओत दिसायला पिवळा-पांढरा, त्यामुळे स्पर्धेत मागे. पण करायला किती नाजूक! हरभऱ्याच्या डाळीचा भरडा हवा, बेसन चालत नाही. बारीक पिठाचे गोळे दगडासारखे होतात. वाटीभर भरड्याला दोन चमचे गरम तेलाचं मोहन, तिखट, हळद, हिंग, मीठ, आणि पाणी जेमतेम मळण्यापुरतं. भातातलं पाणी वरून दिसेनासं झालं की मगच गोळे वर ठेवायचे. आधी टाकले तर फुटून भाताची खिचडी, उशिरा टाकले तर मधे कच्चे. झाकून मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं. मग गोळा भातात कुस्करून वरून हिंगाची कडकडीत फोडणी आणि चिंचेचं पाणी नाहीतर कढी. किंवा लांबी रोटी घ्या. खाद्यमहोत्सवात बाई कोपरापर्यंत कणीक लोंबवते आणि उपड्या मडक्यावर टाकते, सभोवती मोबाइल उगारलेले. ती कणीक फाटत का नाही, हे कुणी विचारत नाही. पीठ कापडातून गाळलेलं असतं, कारण कोंडा राहिला तर तो ताणलेल्या कणकेला चिरे पाडतो. पाणी थोडंथोडं घालत, आपटत-आपटत मळतात, मग मुरू देतात. मडकं फार तापलं तर रोटी टेकताच करपते, कमी तापलं तर घसरून विस्तवात. हे जिला येतं तिला आपण ‘स्टॉलवरची मावशी’ म्हणून दहा सेकंद दाखवतो.

आता सर्वांत कठीण भाग. चूल दाखवा म्हणणं सोपं, पण घरची चूल बहुतेक ठिकाणी बायकांच्या न मोजलेल्या कष्टांवर चालते. पाहुणे आले की त्याच कष्टांत भर. वर ‘आजीच्या हातची चव’ म्हणत त्या कष्टांचं कौतुक करून पैसे दुसऱ्यानेच घ्यायचे. ही भीती खरी आहे आणि तिचं उत्तर भावनिक नाही, हिशेबाचं आहे. शिकवणाऱ्या बाईला तिच्या वेळेचा दर मिळाला पाहिजे, जेवणाच्या ताटाचा नव्हे. भाजणं, वाटणं, समजावून सांगणं यात पाच तास गेले तर पाच तासांचे. बचत गटांच्या बायका महोत्सवात ताटांच्या हिशेबाने विकतात तेव्हा नेमका हा वेळ फुकट जातो.

आणि गुपितं? सावजी घराण्यांचा मसाला हेच त्यांचं भांडवल, ते परक्यांना का दाखवावं? दाखवू नये. मसाल्याचं प्रमाण झाकून ठेवूनही भाजणं, वाटणं, तेल सुटण्याची खूण हे सगळं शिकवता येतं. नेपल्समध्ये पीठ कसं उडवतात ते जगाने पाहिलं आहे, म्हणून तिथली दुकानं बंद पडली नाहीत. उलट पाटवडी रस्सा स्वतः करायला गेलेला माणूस, वड्या आधीच रश्शात सोडून त्यांचा गाळ झालेला पाहिलेला, पुढच्या वेळी भोजनालयात वाढप्याने वड्या ऐनवेळी सोडल्या की त्याची किंमत ओळखतो.

एक गोष्ट या सगळ्या चर्चेत कुणी खाद्यपर्यटन म्हणून मोजत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी लाखो माणसं दीक्षाभूमीवर येतात. रस्तोरस्ती भोजनदानाचे मंडप, मोठाल्या गंजांत भात, भाजी, पुऱ्या. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली माणसं आपल्या शिदोऱ्याही सोडतात. कुणाच्या घरची भाकरी ज्वारीची, कुणाची तांदळाची, चटणी जवसाची की तिळाची, यावरून मुलूख ओळखता येतो. तिथे फोटो काढायला न जाता मंडपात पुऱ्या लाटायला बसलं तर महाराष्ट्राबद्दल जे कळेल ते कुठल्याही सजवलेल्या ताटात मावणार नाही. पण त्याची जाहिरात करू नये हेच बरं.

जे करता येईल ते साधं आहे. सकाळी इतवारीच्या किराणा बाजारात नाहीतर कळमन्यात मिरचीच्या ढिगापाशी सुरुवात, मिरची रंगासाठी कोणती आणि जाळासाठी कोणती हे तिथल्या अडत्याकडून ऐकायचं. मग एखाद्या घरी किंवा भोजनालयाच्या मागच्या अंगणात, दुपारची गिऱ्हाइकी संपल्यावर, कारण बारा ते तीनमध्ये कुणाला कुणाशी बोलायला वेळ नसतो. पदार्थ एकच, फार तर दोन. वाटण पाट्यावरच, निदान पहिल्या खेपेला; मिक्सरमध्ये पाणी जास्त घालावं लागतं आणि मग ते उडवायला दुप्पट वेळ परतावं लागतं, हे दोन्ही करून पाहिल्याशिवाय पटत नाही. तिखट झेपत नसलेल्यांसाठी गोळाभात किंवा पाटवडी ठेवावी, सावजीचं पाणी करू नये. आणि एका पाट्याला सहाच्या वर माणसं घेऊ नयेत. सातवा माणूस वाटत नाही, तो मागे उभा राहून रील काढतो.